फुकट पार्किंग, रस्ता आणि सार्वजनिक वाहतूक : पुणे शहराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

शहरातील रस्ता ही मर्यादित स्वरूपाची सार्वजनिक मालमत्ता आहे. पादचारी, बसचे प्रवासी, मालाची चढ-उतार करणारे व्यापारी आणि खासगी वाहनधारक हे सर्व तिच्यावर हक्क सांगतात. यांपैकी पहिल्या तिघांचा वापर काही क्षणांचा वा मिनिटांचा असतो. वाहन उभे करणाऱ्याचा वापर मात्र तासन्‌तास चालतो. असे असूनही आपल्याकडील नगरनियोजनाची चर्चा उड्डाणपूल, रस्तारुंदी आणि मेट्रो यांभोवतीच फिरत राहते व पार्किंगचा विषय वाहतूक पोलिसांकडे सोपवून दिला जातो. वस्तुतः पार्किंग हा केवळ शिस्तीचा प्रश्न नसून तो प्रामुख्याने जमिनीच्या मूल्याचा प्रश्न आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या वहनाला प्राधान्य द्यावे आणि पार्किंगचे शुल्क जमिनीच्या मूल्याशी सुसंगत असावे, ही भूमिका स्पष्टपणे मांडली होती. पुण्यात ती का रुजली नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जागेचा हिशेब

एका मोटारीसाठी नियोजनात सर्वसाधारणपणे २.५ × ५ मीटर, म्हणजे १२.५ चौरस मीटर जागा धरली जाते. दुचाकीसाठी सुमारे २ चौरस मीटर. म्हणजे एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी मावतात. परंतु ही झाली केवळ उभे राहण्याची जागा. वळण्याचा व येण्याजाण्याचा मार्ग मिळविला की हा आकडा बराच वाढतो. दिल्लीच्या २०२१ च्या बृहत् आराखड्यात तळघरातील एका मोटारीसाठी ३२ चौरस मीटर क्षेत्र गृहीत धरले होते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाच्या घरासाठी ३० चौरस मीटर चटईक्षेत्राची मर्यादा होती, हे लक्षात घेतले म्हणजे आपण घर कोणासाठी बांधत आहोत, हा प्रश्न अप्रस्तुत ठरत नाही. इमारतीमागे किमान अमुक जागा पार्किंगसाठी सोडलीच पाहिजे, या नियमाचा खर्च अखेर सदनिकेच्या किमतीत मिसळतो आणि ज्याच्याकडे मोटार नाही तोही तो भरतो.

रस्त्याच्या कडेचा हिशेब याहून बोलका आहे. शंभर मीटर लांबीच्या एका बाजूस समांतर पद्धतीने सुमारे १६ मोटारी उभ्या राहू शकतात. त्यांनी व्यापलेला पट्टा दोन ते अडीच मीटर रुंद असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथाची किमान निर्वेध रुंदी १.८ मीटर असावयास हवी. म्हणजे जो पट्टा १६ मोटारी अडवितात, त्यातच एक प्रशस्त पदपथ बसू शकतो. बसथांब्यासमोर मोटार उभी असली की बस रस्त्याच्या मध्यावर थांबते, मागील वाहतूक खोळंबते आणि वृद्ध प्रवाशाला रहदारीत उतरून पायरी गाठावी लागते. बसचा वेळ वाढला की त्याच बसच्या दिवसभरातील फेऱ्या कमी होतात, आणि हा तोटा मात्र बससेवेच्या अकार्यक्षमतेच्या खात्यावर मांडला जातो.

शुल्काचे प्रयोजन

अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम विकरी यांनी १९५० च्या दशकातच पार्किंगचे शुल्क मागणीनुसार बदलते असावे, असे सुचविले होते. डोनाल्ड शूप यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात हा विचार विस्ताराने मांडला. त्यांच्या मते मोटारीचे सुमारे ९५ टक्के आयुष्य उभे राहण्यातच जाते. म्हणून शुल्क इतकेच असावे की रस्त्यावर कोणत्याही वेळी एखाद-दुसरी जागा रिकामी राहील. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०११ पासून यावर आधारित प्रयोग झाला. त्यात गर्दीच्या ठिकाणी शुल्क वाढले, तर इतरत्र ते कमीही झाले. शुल्क म्हणजे महसुलाचे साधन नव्हे, हा यातील महत्त्वाचा धडा होय.

व्यापाऱ्यांची भीती अशी की शुल्क लावल्यास गिऱ्हाईक तुटेल. ही भीती तपासून पाहता येते. वरील १६ जागांवर दुकानदारांच्याच गाड्या दिवसभर उभ्या राहिल्या तर १६ जणांची सोय होते. प्रत्येक वाहन सरासरी तासाभराने हलले तर दहा तासांत १६० वाहने येऊन जातात. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना शहराच्या जुन्या बाजारपेठेत १९९३ मध्ये मीटर बसविताना त्यांचे उत्पन्न त्याच परिसराच्या सुधारणेवर खर्च करण्याचे ठरले, आणि त्यामुळे व्यापाऱ्यांचा विरोध मावळला.

पुण्याचा अनुभव

पुण्याने या दिशेने प्रयत्न केलेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००६ च्या डिसेंबरमध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली, २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडच्या परिवहन सेवा एकत्र येऊन पीएमपीएमएल स्थापन झाली, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरणही मंजूर केले. परंतु तीव्र विरोधामुळे ते निवडक रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर राबविण्याचे ठरले आणि पुढे अनेक वर्षे अंमलबजावणी रखडली. ‘आधी सार्वजनिक वाहतूक सुधारा, मग पैसे मागा’ हा विरोधातील मुख्य युक्तिवाद होता. तो सर्वस्वी गैरलागू नव्हता. पुणे हे दुचाकींचे शहर आहे, आणि येथील दुचाकी बहुतांशी चैनीतून नव्हे, तर वेळेवर न येणाऱ्या बसमधून जन्मली आहे. मात्र बस वेळेवर येण्यासाठी रस्त्याची कडा मोकळी हवी, ती मोकळी होण्यासाठी पार्किंगचे नियमन हवे, आणि नियमनास बस सुधारेपर्यंत विरोध. असा हा फेरा आहे.

२०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी वाहननोंदणीसाठी पार्किंगच्या जागेचा पुरावा सक्तीचा करण्याचा मनोदय जाहीर केला. जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे. परंतु तेथे रात्री रस्त्यावर वाहन ठेवण्यास मनाई आहे आणि तिची अंमलबजावणी कसोशीने होते. पेठांतील वाड्यांच्या परिसरात, जेथे सम-विषम तारखांच्या फलकांचेच पालन जेमतेम होते, तेथे नुसता कागदोपत्री पुरावा कितपत उपयोगी पडेल, हा प्रश्नच आहे. शिवाय अशा पुराव्याने घराजवळचा प्रश्न सुटला तरी बाजारपेठेतील तसाच राहतो.

दरम्यान परिस्थितीत एक महत्त्वाचा बदल झाला आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग खुला झाला आणि मंडई हे स्थानक थेट पेठांच्या मध्यभागी आले. निदान या परिसरापुरता तरी २०१८ मधील युक्तिवाद पूर्वीइतका बळकट राहिलेला नाही. त्यामुळे शुल्काचा प्रारंभ संपूर्ण शहराऐवजी मंडईपासून चालत जाता येईल एवढ्याच टापूत करणे शक्य आहे. तेथे कडेची जागा प्रथम बसथांबा, शेअर रिक्षा आणि मालवाहतुकीसाठी आखावी व उरलेलीच पार्किंगला द्यावी. दर व्यापलेल्या क्षेत्रानुसार ठरवावा, म्हणजे मोटारीस दुचाकीच्या सहापट. मंडईतील मिनर्व्हा आणि आर्यन या वाहनतळांपेक्षा रस्त्यावरचा दर चढा ठेवावा. रस्त्यावर फुकट जागा मिळत असता पैसे भरून मजले चढण्याचे कष्ट कोणी घेणार नाही. आणि जमलेल्या रकमेचा पहिला खर्च स्थानकाकडे येणाऱ्या पदपथांवर व्हावा, तसेच तिचा हिशेब प्रत्येक रस्त्यासाठी स्वतंत्रपणे, दरमहा प्रसिद्ध केला जावा.