शाळेतलं संस्कृत आणि लोणारचं मीठ

आमच्या पिढीतल्या कुणालाही शाळेतलं संस्कृत विचारा. 'रामः रामौ रामाः' एका दमात येईल. द्वितीयाही येईल. तृतीयेला 'रामाभ्याम्' म्हणताना आवाज जरा खाली जाईल आणि सप्तमीपर्यंत नुसता ठेका उरेल. दोष एकट्या स्मरणशक्तीचा नाही बरं का! 'रामाभ्याम्' हे रूप तृतीया, चतुर्थी आणि पंचमी, तिन्हींत तसंच येतं. मराठीतले 'स, ला, ते' नाही का द्वितीयेत आणि चतुर्थीत तेच? कोणती विभक्ती हे अर्थावरून ठरतं, आणि आम्ही पाठ केला तो ठेका.

मग या अर्धवट आठवणींचा उपयोग काय? आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. लोणारच्या सरोवराचं पाणी खारं. मिठाला संस्कृतात 'लवण'. त्यातल्या 'अव'चा मराठीत 'ओ' झाला आणि 'लोण' तयार झालं. लोणार आणि लोणचं ही त्याच घरातली. तिथल्या दैत्यसूदन मंदिराच्या कथेतला दैत्यही लवणासुरच.

तर्कशास्त्राच्या तासाला विषयांतर करून आम्ही हे सांगत असू, आणि या यादीत 'लोणी'ही घालत असू. बरीच वर्षं. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, लोण्यात मीठ कुठं असतं?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. घरी येऊन कोश उघडला तेव्हा हसू मावळलं. लोणी आलं 'नवनीत' या शब्दावरून. 'अव'चा 'ओ' इथंही झाला, पण सुरुवातीच्या 'न'चा 'ल' झाला, जसा निंबाचा लिंब होतो. 'नीत'मधला 'त' गळून 'णी' राहिला. दोन वेगळे शब्द झिजत झिजत सारखे दिसू लागले आणि आम्ही त्यांना भाऊ ठरवून टाकलं.

गंमत अशी, की त्याच वर्गात आम्ही न्यायशास्त्र शिकवत होतो. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त ज्ञानाचे दोन प्रकार आहेत: स्मृती आणि अनुभव. स्मृती केवळ जुन्या संस्कारातून उपजते. म्हणून नैयायिकांच्या चार प्रमाणांत, म्हणजे प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द यांत, तिला जागा नाही. हे फळ्यावर लिहायचं आणि लोण्याची व्युत्पत्ती मात्र आठवणीच्या भरवशावर ठोकून द्यायची! त्या पोरानं प्रत्यक्षाचा आधार घेतला. त्यानं घरचं लोणी चाखलेलं होतं.

म्हणून शाळेतलं ते संस्कृत वाया गेलं असं आम्ही म्हणणार नाही. 'लवण' आठवलं नसतं तर लोणारच्या नावाकडे आम्ही वळून पाहिलंच नसतं. आठवण कुठं शोधायचं ते सांगते. सापडलं की नाही, हे तिला विचारू नये. नातवंडांना काही सांगताना 'आम्हाला असं आठवतं' एवढंच म्हणा आणि त्यांच्यासोबत कोश उघडा. चुकलो तर तेही त्यांच्यासमोरच कळू द्या.