सातपुड्याच्या पायथ्याशी आनुवंशशास्त्र

चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर या तालुक्यांतून सातपुड्याच्या कडेकडेने भिल्ल, पावरा आदी आदिवासी बांधवांची जी वस्ती पसरली आहे, तेथे एखादे कोवळे मूल सांध्यांच्या असह्य वेदनेने कण्हत पडावे, त्याचे डोळे पिवळसर दिसावेत आणि अल्पशा श्रमानेही त्याला धाप लागावी, हे दृश्य आरोग्यसेविकांच्या परिचयाचे आहे. ही व्याधी सिकलसेलची. आणि तिचे मूळ हुडकून काढले ते आनुवंशशास्त्राने.

मामलेदार कचेरीच्या दप्तरातील वारसनोंदी व फेरफार चाळून जमिनीचा हक्क जसा मूळ पुरुषापर्यंत मागे नेता येतो, तसा आनुवंशशास्त्रज्ञ घराण्याचा वंशवृक्ष मांडतो, कोणास कोणती व्याधी जडली याची विचारपूस करतो, रक्त तपासतो आणि जनुकातील नेमका फेरफार शोधून काढतो; मात्र येथे माता आणि पिता या दोघांकडूनही बहुतेक जनुकांची एकेक प्रत अपत्याच्या वाट्याला येते. आनुवंशशास्त्रज्ञाचे क्षेत्र मनुष्यापुरतेच नाही. रावेरच्या बागांतील केळीला बी का धरत नाही, याचे उत्तर तोच देतो : तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनांऐवजी तीन संच असतात.

सिकलसेलमधील फेरफार किती सूक्ष्म असावा! तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की प्राणवायू कमी होताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटतात, गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि जी पेशी एरवी सुमारे १२० दिवस जगावयाची ती दहावीस दिवसांतच नष्ट होते. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. १९५७ पर्यंत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी ती नेमकी जागा निश्चित केली. भारतात हा दोष १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला.

दोन्ही प्रती सदोष असतील तर मनुष्य रुग्ण. एकच सदोष असेल तर तो केवळ वाहक, आणि वाहक सहसा धडधाकट आयुष्य जगतो. इतकेच नव्हे, तर बालपणीच्या घातक हिवतापापासून वाहकाचा बराच बचाव होतो, असे ॲलिसन या संशोधकांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत सिद्ध केले. हिवतापाच्या रानांत हा फेरफार पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला, तो याच कारणाने. दोन वाहकांचा विवाह झाला, तर मात्र प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्य रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि सर्वथा निर्दोष असण्याची चारात एक. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढील तीन निरोगी निपजतील, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. प्रत्येक खेपेस हिशेब नव्याने मांडला जातो.

मूल आजारी निघाले की दोषाचे खापर सुनेच्या माथी फोडले जाते, हा मला या व्याधीइतकाच क्रूर प्रकार वाटतो. रुग्ण अपत्याकडे माता आणि पिता या दोघांकडूनही एकेक सदोष प्रत आलेली असते, हे आनुवंशशास्त्राने निर्विवाद ठरविले आहे. उपचारांचीही तजवीज आहे : हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ ही त्याची मुदत. परंतु कोणत्याही सरकारी मुदतीची वाट न पाहता, या पट्ट्यातील तरुण-तरुणींनी विवाह ठरण्यापूर्वीच जवळच्या आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घ्यावी, आणि वाहक ठरलेल्या मुलीचा वा मुलाचा कोणी अवमान करू नये, अशी माझी खानदेशातील प्रत्येक कुटुंबास कळकळीची विनंती आहे.