आय-सेव्हन खरा, पण कितव्या पिढीचा?

आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या एका मुलीला बीसीएला प्रवेश मिळाला. तिच्या अम्मीने भिशी उचलली आणि बाजारातून वापरलेला लॅपटॉप आणला. "सर, आय-सेव्हन मिळाला! आय-थ्री तर नव्यातही येतो," त्या खुशीत म्हणाल्या. आम्ही सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग अबाउट उघडले. प्रोसेसरपुढे लिहिले होते: आय७-४६००यू. काय बोलावे, आम्हाला सुचेना.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, असे आम्हीही वर्गात सांगत आलो. दावतीच्या भटारखान्याचे उदाहरण जास्त बरे. कोअर म्हणजे बावर्ची, रॅम म्हणजे ओटा, हार्डडिस्क म्हणजे कोठी. बावर्ची किती, हे पाहावेच; पण त्यांचा हात किती चलाख, हेही पाहावे. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे इंटेल कंपनीचे दर्जे एकाच पिढीत तुलना करायला ठीक. पिढी बदलली की हिशेब बदलतो.

पिढी पुढच्या आकड्यात असते. ४६०० मधला ४ म्हणजे चौथी पिढी, साल २०१३. या 'आय-सेव्हन'मध्ये कोअर फक्त दोन. उलट २०२२ च्या आय३-१२१५यू मध्ये, म्हणजे बाराव्या पिढीत, सहा: दोन दमदार, चार कमी वीज खाणारे. शेवटचे यू अक्षर कमी विजेवर चालणाऱ्या चिपचे. एच असेल तर ताकद जास्त, पण तापही जास्त आणि बॅटरी लवकर उतरते. एएमडीच्या रायझनचे नंबर वेगळे लागतात. तिथे तर पहिला आकडा नवा आणि आतली रचना जुनी, असाही प्रकार आहे.

जुन्या चिपवर टायपिंग होईल, नाही असे नाही. अडचण दुसरीच आहे. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मुलीला तर तीन वर्षे काढायची होती.

बिलावर नुसते 'आय-सेव्हन लॅपटॉप' लिहिलेले, नंबर नाही. दुकानदार आधी कुरकुरला. मग वरचे पैसे घेऊन बदलून द्यायला तयार झाला. या वेळी मुलीने स्वतः अबाउट उघडून नंबर वाचला आणि तो बिलावर लिहून घेतला. अम्मी मात्र घरी येईपर्यंत म्हणत होत्या, "सातावरून तीनावर आलो, आणि वर पैसेही दिले!"