सुनेलाही विचारा, डॉक्टर

२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. त्यानिमित्ताने लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही नावं पुन्हा चर्चेत येतात. अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये मंजूर झालेली ही औषधं आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात घसरण थोडी मंदावतात. गेलेली स्मृती परत आणत नाहीत. ज्या घरात वडील रात्री तीनला उठून, पँट-शर्ट चढवून ‘ऑफिसला उशीर होतोय’ म्हणत दाराची कडी काढतात, त्या घराला या औषधांचा उपयोग नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारख्या आजारांमुळे होणारा स्मृतिभ्रंश, आहे. त्यांतल्या बहुतेकांना सांभाळतात ती घरचीच माणसं. म्हणून आज इंजेक्शनांपेक्षा या माणसांबद्दल आणि त्यांच्याशी डॉक्टरांचं जे नातं असायला हवं त्याबद्दल बोलू.

तपासणीच्या खोलीत काय घडतं ते बघा. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आलेले असतात. डॉक्टरांशी नीट बोलतात, जुन्या नोकरीतला एखादा किस्साही सांगतात. परक्या माणसासमोर दहा मिनिटं सावरून बसणं या आजारात बराच काळ जमतं. ‘काय म्हणते तब्येत?’ ‘उत्तम!’ मग डॉक्टर सुनेकडे बघतात. ‘बरं आहे तसं,’ ती म्हणते. सासरे शेजारी बसले असताना ती काय सांगणार? बाबांना काल बाथरूम सापडलं नाही आणि त्यांनी गॅलरीतल्या कुंडीत लघवी केली, हे? की त्यांनी आपल्यावर बांगड्या चोरल्याचा आळ घेतला, हे? ती गप्प राहते आणि चिठ्ठीवर मागच्याच गोळ्या पुन्हा लिहिल्या जातात.

यात कुणाचा हेतू वाईट नसतो, वेळच नसतो. २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ने छापलेल्या आंतरराष्ट्रीय आढाव्यात भारतातली प्राथमिक तपासणी सरासरी दोन मिनिटांच्या आसपास उरकते, असं दिसलं होतं. पण डिमेन्शियात घरच्यांचं सांगणं हाच तपासणीचा अर्धा भाग असतो. स्कॅन मेंदू आक्रसलाय का ते दाखवतो. माणूस दूध उतू जाऊ देतो का, हे घरचेच सांगू शकतात. म्हणून त्यांच्याशी पाच मिनिटं वेगळं बोलणं हा उपचाराचाच भाग धरला पाहिजे. ते शक्य नसेल तर सुनेने आठवड्यातल्या घटना कागदावर लिहून तो आधीच बाहेरच्या काउंटरवर द्यावा आणि डॉक्टरांनी तो वाचावा.

त्या कागदाने काय बदलतं? समजा, शांत असलेल्या आजी दोन दिवसांत एकदम भ्रमिष्टासारख्या बोलू लागल्या. डिमेन्शिया सहसा असा दोन दिवसांत वाढत नाही. बहुतेकदा लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, कुठेतरी दुखणं किंवा नवी सुरू झालेली गोळी यांपैकी काहीतरी मागे असतं. ‘परवापासून’ हा एक शब्द घरच्यांनी उच्चारला तर डॉक्टर लघवी तपासायला सांगतील. नाही उच्चारला तर आजींना शांत करणारी गोळी सुरू होण्याची शक्यता जास्त. याच प्रकारच्या मनोविकारावरच्या औषधांमुळे डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे. कधी कधी ती द्यावी लागतात, हेही खरं. पण कशासाठी, किती दिवस आणि थांबवायची कधी, हे घरच्यांना सांगितलंच पाहिजे. दर भेटीला घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा, सर्दीच्या गोळीसकट. सर्दीवरची काही जुनी औषधं विसरभोळेपणा वाढवतात.

पण दोन भेटींच्या मधल्या महिन्याचं काय? इथे मला गोव्यातल्या एका प्रयोगाविषयी सविस्तर सांगायचं आहे, कारण तो आपल्या इतक्या जवळ झाला आणि आपण त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. गोवा वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संगाथ’ व ‘डिमेन्शिया सोसायटी ऑफ गोवा’ या संस्थांमार्फत दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांचा अभ्यास केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या कुटुंबांकडे पंधरवड्यातून किमान एकदा ‘होम केअर अॅडव्हायझर’ जात. ते डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. स्थानिक भाषा बोलणारी, आठवडाभराचं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती, आणि त्यांच्या पाठीशी एक मानसोपचारतज्ज्ञ होता. ते घरात बसून आजार समजावून सांगत, चिडचिड किंवा भटकणं कसं हाताळायचं ते दाखवत, गरज पडली तर तज्ज्ञाला बोलावत, सरकारी योजनांची माहिती देत आणि एका कुटुंबाची दुसऱ्याशी गाठ घालून देत.

सहा महिन्यांनी पेशंटच्या वागण्यात ठामपणे सांगता येईल असा फरक दिसला नाही. काळजी घेणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य मात्र स्पष्टपणे सुधारलं, त्रासाची जाणीव कमी झाली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. आजार तोच, माणूस तोच, रात्रही तशीच. तरी सांभाळणारी बाई कोसळली नाही. लंडनमध्ये प्रा. गिल लिव्हिंग्स्टन यांच्या ‘स्टार्ट’ या प्रयोगातही असंच दिसलं. देखरेखीखाली काम करणाऱ्या मानसशास्त्राच्या पदवीधरांनी घरच्यांसोबत फक्त आठ बैठका घेतल्या आणि त्यांच्यातल्या नैराश्यावरचा परिणाम सहा वर्षांनंतरही टिकला.

या बैठकांत शिकवतात ते काय? त्यातला एक धडा म्हणजे वाद न घालणं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट आठवा. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले शास्त्री हत्तीच्या मागे निघून जातात आणि अमृता सुभाषची चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते. तिला आजाराचं नावही ठाऊक नाही. जे चन्नम्माला उपजत येतं, ते थकलेल्या मुलीला किंवा सुनेला कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं. नर्सिंग ब्यूरोकडून आलेल्या मावशींनाही शिकवावं लागतं. बारा तास पेशंटजवळ त्या असतात आणि डॉक्टरांच्या खोलीत त्यांना कुणी बोलावत नाही, ही मोठी उणीव आहे.

अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने जुलै २०२४ पासून ‘गाईड’ योजनेत सहभागी कुटुंबांना एक मार्गदर्शक, चोवीस तास फोन आणि काहींना घरच्यांच्या विसाव्यासाठी खर्च द्यायला सुरुवात केली. आपल्याला तेवढा पैसा नको. केरळमध्ये तर त्रिशूरच्या बाजूला अंगणवाडी सेविकांच्या मदतीने डिमेन्शियाचे पेशंट शोधले गेले आणि २०१४ मध्ये राज्याने स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला.

आपल्या आशाताईंच्या, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, हातात सीबॅक नावाचा फॉर्म असतो. साठीपुढच्या माणसांसाठी त्यात एक प्रश्न आहे: जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? म्हणजे दारापर्यंत यंत्रणा पोचलेली आहे. ‘हो’वर खूण झाली की पंधरा दिवसांनी त्या घरी पुन्हा कोण जाणार, हे ठरवायचं राहिलं आहे. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. फुकट आणखी एक जबाबदारी लादून हे होणार नाही. गावात एक-दोन जणांना वेगळं मानधन, आठवडाभराचं प्रशिक्षण आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाचा उचलला जाणारा फोन द्यावा लागेल. एखाद्या जिल्ह्याने याच वर्षी दोन तालुक्यांपासून सुरुवात करावी. तोवर, ज्यांना आज रात्रीच कुणाशी तरी बोलायचं आहे त्यांच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १४४१६ चोवीस तास सुरू असतो, आणि तो फक्त पेशंटसाठी नाही.