शंभर दिवसांचं पीक, शंभर माणसांचा कोरम

२ ऑक्टोबरला इंझोरीच्या शिवारातला शेतकरी गाठायचा तर त्याला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर शोधून उपयोग नाही, तो वावरात असतो. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या या पट्ट्यात खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन, त्यात तुरीचे तास, कुठे पऱ्हाटी. जूनच्या अखेरीस पेरलेलं सोयाबीन साधारण शंभर दिवसांत सोंगणीला येतं आणि हे शंभर दिवस नेमके ऑक्टोबरच्या तोंडाशी भरतात. शेंगा वाळल्या की पीक थांबत नाही. उशीर झाला तर शेंगा तडकून दाणा मातीत जातो, परतीचा पाऊस आला तर उभ्या झाडावर कोंब फुटतात. एकराच्या हिशेबाने उक्तं काम घेतलेली मजुरांची टोळी आज आली नाही तर चार दिवस येत नाही. आणि याच तारखेला, गांधीजयंतीला, गावाची ग्रामसभा बोलावली जाते. रूढ तारखा चार : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. चारही दिवस राज्याच्या आणि देशाच्या पंचांगात मानाचे आहेत. शेतीच्या पंचांगात पाहिलं तर जानेवारीच्या शेवटी तूर काढणी असते आणि हरभऱ्याला रात्रीचं पाणी चालू असतं, मे महिन्यात ऊन, लग्नं आणि पाणीटंचाई असते, ऑगस्टच्या मध्यावर निंदण-फवारणी असते, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोंगणी असते. ग्रामसभेला लोक येत नाहीत, गावाला विकासात रस नाही, असं तालुक्याच्या ठिकाणी सहज म्हटलं जातं. हे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. सभेला न येणाऱ्या माणसाला दोष देण्याआधी ती सभा कशी बेतलेली आहे ते पाहायला हवं.

कायदा गावाला मोठा मान देतो. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ साली आला, २०१२ पासून तो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने ओळखला जातो. ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामसभेला घटनेतच जागा मिळाली. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य, त्यासाठी निवडून यावं लागत नाही आणि मुदतही संपत नाही. सरपंच पाच वर्षांनी बदलतो, ग्रामसभा बदलत नाही. पण या सभेचा कोरम आहे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. हा शंभरचा आकडा नीट मांडून पाहावा. सहाशे मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे नव्वद माणसं लागतात. तीन हजार मतदारांच्या गावात शंभरच लागतात, म्हणजे सव्वातीन टक्क्यांहून किंचित जास्त. पाच हजारांच्या गावात तेच शंभर दोन टक्क्यांवर येतात. गाव जितकं मोठं, वस्त्या जितक्या पसरलेल्या, हितसंबंध जितके वेगळे, तितक्या कमी हिश्श्याच्या हजेरीवर निर्णय कायदेशीर ठरतो. आणि एवढं करूनही शंभर भरत नाहीत. कित्येक ग्रामपंचायतींच्या सभागृहात शंभर माणसं मांडीला मांडी लावूनही मावत नाहीत. ज्या खोलीत ती बसूच शकत नाहीत तिथे ती यावीत, अशी अपेक्षा नोटिशीत दर वेळी लिहिलेली असते.

मग होतं ते ठरल्यासारखं होतं. दवंडी झालेली असते, फलकावर नोटीस असते, विषयपत्रिकेत मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यापासून ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळच्या विषयां’पर्यंत सगळं असतं. झेंडावंदन उरकून मुलं खाऊ घेऊन घरी गेलेली असतात. थोडी वाट पाहून ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ अशी नोंद होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमची अट नसते. या प्रक्रियेतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण माझ्या मते हाच आहे. ज्या शंभराच्या आकड्यासाठी पहिली सभा मोडली, तो आकडा दुसऱ्या सभेत अदृश्य होतो. पहिल्या सभेला वीस माणसं असली तर गाव कमी पडलं, दुसऱ्या सभेला तीच वीस असली तरी गाव पूर्ण झालं. ठरावाच्या वहीत सूचकाचं नाव येतं, अनुमोदकाचं नाव येतं आणि खाली ओळ येते ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. यातले सर्व म्हणजे किती, ते त्या ओळीवरून कळत नाही. त्यासाठी हजेरीची पानं उलटावी लागतात. सभेनंतर घरोघरी फिरून सह्या जमवल्याच्या तक्रारीही खेड्यापाड्यांतून नेहमी ऐकू येतात. तरी मी सचिवाला यात मुख्य गुन्हेगार मानत नाही. गावात ज्याला आजही सचिव किंवा ग्रामसेवक म्हणतात, त्याच्याकडे अनेकदा एकाहून जास्त गावांचा कारभार असतो, आणि सभा सगळ्या गावांत एकाच तारखेला असते. ठराव वेळेत वर गेला नाही तर निधी अडतो, ही भीती त्याच्या डोक्यावर असते. तहकुबीची वाट कायद्यानेच ठेवली आहे, तो त्या वाटेने जातो.

न येण्यामागे तारखेइतकंच दुसरंही कारण आहे : तिथे ठरवायला काय उरलं आहे? २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने प्रत्येक ग्रामपंचायतीने आपला आराखडा करायचा ठरलं. गावफेरी, शिवारफेरी, रांगोळीने काढलेला गावाचा नकाशा, महिलांची वेगळी सभा, वॉर्डसभा, मग ग्रामसभा, असा तो सुंदर क्रम आहे. चौदाव्या वित्त आयोगाने पैसा थेट ग्रामपंचायतीला दिला म्हणून त्या आराखड्यात जीव होता. पंधराव्या वित्त आयोगात महाराष्ट्रात वाटणी झाली ती ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला, १० टक्के जिल्हा परिषदेला. शिवाय २०२१-२२ पासून या निधीतला ६० टक्के हिस्सा बंधित झाला, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाची स्वतःची इच्छा बसवायची, तीही महिला-बालकल्याण, शिक्षण, आरोग्य, उपजीविका या ठरवून दिलेल्या टक्केवारीत. पाणी आणि स्वच्छता महत्त्वाची नाहीत असं कोण म्हणेल? पण ज्या गावाची मुख्य अडचण शेतात जाणारी पांदण आहे, त्याने नालीचा ठराव मंजूर करायला सोंगणी का सोडावी? २०१८ पासून आराखड्याची देशव्यापी मोहीम २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर अशी आखली जाऊ लागली. हा काळ सोंगणीपासून कापूस वेचणीपर्यंतचा आहे.

यावर आक्षेप येतो की हे सगळे बहाणे आहेत, घरकुलाची यादी वाचायची असली की हेच लोक धावत येतात. खरं आहे, येतात. प्रपत्र ‘ड’ची यादी निघाली, सिंचन विहिरीचे लाभार्थी ठरायचे असले, तर शंभर काय, त्याहून जास्त माणसं जमतात आणि दारातही उभं राहायला जागा नसते. यातून लोक स्वार्थी आहेत असा निष्कर्ष काढला जातो. मला यातून उलट दिसतं. त्या दिवशी सभेत खरोखर काही ठरणार असतं, एवढंच लोकांनी ओळखलेलं असतं. आणि यादी मोठ्याने वाचली जाणं ही किरकोळ गोष्ट नाही. पक्कं घर असलेल्याचं नाव आलं आणि कुडाच्या घरात राहणाऱ्या विधवेचं गळलं, हे कार्यालयातल्या कुठल्याच तपासणीत इतक्या लवकर उघड होत नाही. शेजारी ऐकत असताना नाव उच्चारलं गेलं की ते आपोआप तपासलं जातं. आता सगळं ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतं असं सांगितलं जातं. पोर्टलवर झालेला खर्च दिसतो, पण होणाऱ्या खर्चाला तिथे थांबवता येत नाही.

बायका बोलत नाहीत, हा दुसरा आक्षेप. राज्यात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूदही आहे, तरी सभेत बायका मागे बसतात आणि लवकर उठतात, हे नाकारता येणार नाही. पण याच महाराष्ट्रात ‘आडवी बाटली’ आहे. गावातलं परवान्याचं दारू दुकान बंद करायला २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग मतदान होतं आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. ही निम्मी मतं हजर महिलांची नाहीत, यादीतल्या सगळ्या महिलांची. जी आली नाही तिची अनुपस्थिती विरोधात मोजली जाते. शंभरच्या कोरमहून ही अट किती कठीण! तरीही कित्येक गावांतल्या बायकांनी मजुरी बुडवून ती पूर्ण केली. बोलण्याने काही बदलतं हे दिसलं की बोलायला शिकवावं लागत नाही.

पांदणीकडे पुन्हा यायला हवं, कारण मानोऱ्यासारख्या काळ्या मातीच्या भागात ग्रामसभेची खरी कसोटी तीच आहे. पावसाळ्यात पांदणीत चिखल गुडघ्याला लागतो. मळणीयंत्र वावरापर्यंत जात नाही, सोयाबीनची सुडी ताडपत्रीखाली पडून राहते, डोक्यावरून कट्टे आणायचे तर मजुरी वाढते. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, रोजगार हमीशी जोडून खडीकरणाची सोय केली. पण पांदण अडते ती बहुतेक वेळा पैशाआधी धुऱ्यावर. दोन्ही बाजूंनी वर्षाला एकेक तास आत सरकत जातो, नकाशावर असलेली बैलगाडीची वाट पायवाट होते, मग एक दिवस कुणीतरी काट्या टाकतो. त्यानंतर तहसील. जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३, नाहीतर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा, स्थळपाहणी, तारखा, अपील. एका वाटेसाठी दोन घरं वर्षानुवर्षं मानोऱ्याच्या खेपा घालतात. हाच प्रश्न सभेत आला तर त्या पांदणीवरून जाणारे वीस-पंचवीस खातेदार समोरासमोर असतात, वाट मूळची किती रुंद होती हे सांगणारे म्हातारे असतात, आणि माघार घेणाऱ्याला एकट्याला नमतं घ्यावं लागत नाही, दोन्ही धुऱ्यांवरचे सगळेच हातभर मागे सरतात. ग्रामसभेला अतिक्रमण हटवण्याचे सगळे अधिकार नाहीत, हे मान्य. तहसीलदाराचा आदेश नांगर थांबवू शकतो, पण पुढच्या पेरणीला तो पुन्हा आत सरकू नये यासाठी शेजाऱ्यांची साक्षच कामी येते.

सभा भरली की भांडणं होतात, मागच्या निवडणुकीचे हिशेब निघतात, पोलीस बोलवावे लागतात, त्यापेक्षा वीस शहाण्या माणसांनी ठरवलेलं बरं, असंही म्हटलं जातं. हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, कारण तो खोटा नाही. पण ‘सर्वानुमते’ लिहिलेल्या वहीत भांडण मिटलेलं नसतं, ते फक्त नोंदवलेलं नसतं. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा सर्वसहमतीशिवाय निर्णय घेत नाही. विषय पटला नाही तर तो पुढे ढकलतात, अभ्यास गटात त्यावर बोलत राहतात. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं, ते अशाच संथ सभांच्या जोरावर. ते छोटं, एकाच गोंड समाजाचं गाव, आमच्याकडे दहा जाती आणि चार गट, हे उत्तर तयार असतं. ते बरोबरही आहे, म्हणून मेंढ्याची सर्वसहमती उचलून इथे ठेवता येणार नाही. उचलता येईल ते त्यांचं वेळापत्रक : गरज पडेल तेव्हा बसायचं, झेंड्याच्या दिवसाची वाट पाहायची नाही. हिवरे बाजारचंही तेच. वाशिमपेक्षा खूप कमी पावसाचं ते गाव पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतं तो पावसाळा संपून पाऊस मोजून झाल्यावर, रब्बीत काय पेरायचं हे ठरण्याच्या आधी. हिवरे बाजार घडवणाऱ्या पोपटराव पवारांसारखा माणूस प्रत्येक गावाला मिळत नाही, हे खरं. पण सभा पिकाच्या आधी घ्यावी की नंतर, हे ठरवायला पोपटराव लागत नाहीत.

कायद्यात चार सभा किमान आहेत, कमाल नाहीत. पाचवी सभा घ्यायला कुणाची मनाई नाही, आणि ती सकाळीच, ग्रामपंचायतीतच घ्यावी असंही नाही. मानोरा तालुक्यात बंजारा तांडे आहेत, बंजारा समाजाचं श्रद्धास्थान असलेली पोहरादेवी याच तालुक्यात आहे. गट ग्रामपंचायतीत जोडलेल्या तांड्यावरच्या माणसाला सभेसाठी मुख्य गावात यावं लागतं, तिथे त्याचा विषय शेवटी येतो आणि तोवर परतीची वेळ झालेली असते. वॉर्डसभा तांड्यावर, नायकाच्या अंगणात, संध्याकाळी जेवणं झाल्यावर भरली तर शंभर माणसं चालत येण्याच्या अंतरावर असतात. सोयाबीन काढून झालेलं असतं, तूर अजून हिरवी असते, कापसाची वेचणी दिवसा चालते. दिवाळीच्या आसपास अशा आठ-दहा संध्याकाळी खेड्यात असतात. पांदण तेव्हा सुकलेली असते, सोंगलेल्या वावरातून दोन्ही धुरे लांबपर्यंत दिसतात, आणि टेप धरायला दोन माणसं पुरतात, एक या धुऱ्यावरचा आणि एक त्या.