संग्रामपूरची वाट आणि गाडीतला वॉकी-टॉकी

संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. तिथलं अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतं, त्यामुळे ठरलेला मार्ग सोडून गाडी आत घालता येत नाही. खडबडीत वाट हवी असेल तर पायथ्याच्या गावांमधले पांदण रस्ते पाहा, मात्र पाऊस झाल्यावर नको. काळ्या मातीत चाक एकदा रुतलं की ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.

अशा वेळी मोबाइलला रेंज नसेल, तर पुढच्या गाडीला कळवणार कसं? त्यासाठी वॉकी-टॉकी. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे अर्ध्या वॅटपर्यंतचे संच परवान्याशिवाय वापरता येतात. जास्त ताकदीचे संच ऑनलाइन सहज दिसतात, पण त्यांना परवाना लागतो. हॅम रेडिओसाठीही आधी परीक्षा द्यावी लागते आणि बोलणाऱ्या दोघांकडेही परवाना हवा.

या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मोकळ्या शिवारात आवाज लांबवर पोहोचतो, डोंगराच्या वळणाआड मात्र तुटतो. म्हणून मधल्या गाडीने निरोप पुढे-मागे पोहोचवावा. अनुभवी चालक शेवटच्या गाडीत असावा. फाट्यावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबा. निघण्यापूर्वी सगळ्यांचा चॅनेल एकच ठेवा, बॅटरी पूर्ण भरा आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवा. आवाज तुटला, तर कोण कुठे थांबणार हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे.