तार मजबूत हवी, वीजही वाहायला हवी

बुलडाणा जिल्ह्यातील अमडापूर परिसरात सोयाबीन-कपाशीच्या शेतांवरून वीजतारा जातात. अशा उघड्या तारा उन्हाळ्यात तापून खाली झोळतात, वादळात तुटतात. तार तुटली की कृषिपंप बंद, शिवाय पडलेल्या तारेमुळे जिवाला धोका. मग तारा अधिक मजबूत का करत नाहीत? अडचण धातूच्या गुणधर्मातच आहे.

शुद्ध ॲल्युमिनिअममधून वीज चांगली वाहते, पण ते मऊ असते. त्यात मॅग्नेशिअम व सिलिकॉन मिसळले की ताकद वाढते. मात्र हे परके अणू इलेक्ट्रॉनांच्या वाटेत आडवे येतात. शुद्ध तांब्याची वाहकता १०० मानली, तर तारेसाठीच्या शुद्ध ॲल्युमिनिअमची सुमारे ६१ आणि या मिश्रधातूची सुमारे ५३ भरते. म्हणूनच अनेक तारांमध्ये आत पोलाद आणि भोवती ॲल्युमिनिअम असते.

काहीही न मिसळता धातू कडक करण्याची युक्ती तांबटांना पूर्वीपासून ठाऊक आहे. ठोकून तांबे कडक होते. पण ते पातळही होते, त्यामुळे ठोकण्याला मर्यादा येते. १९७०च्या दशकात मिन्स्क येथे व्लादिमिर सेगल यांनी यावर तोड काढली. काटकोनात वळलेल्या साच्यातून धातूची कांडी प्रचंड दाबाने ढकलायची. कांडीची जाडी तीच राहते, म्हणून ती पुन:पुन्हा ढकलता येते. दर फेरीला धातूतील स्फटिककण बारीक होत जातात आणि अखेर अर्ध्या मायक्रॉनहूनही लहान होतात.

ताण आला की धातूतील अणूंचे थर घसरतात. कण बारीक झाल्याने त्यांच्या सीमा वाढतात आणि ही घसरण तिथे अडते. इलेक्ट्रॉनांना मात्र या सीमांचा जाच कमी होतो. तांब्यात इलेक्ट्रॉन न धडकता सुमारे ४० नॅनोमीटर जातो. बारीक झालेला कणही त्याच्या कित्येक पट मोठा असतो. त्यामुळे मऊ तांब्याची ताकद सुमारे दुप्पट होऊनही वाहकता ९० टक्क्यांच्या वर राहते. मिश्रधातूत दुहेरी लाभ होतो. दाबासोबत योग्य उष्णता दिली की मिसळलेले अणू एकत्र येऊन सूक्ष्म कण बनतात आणि इलेक्ट्रॉनांची वाट मोकळी होते.

मजबूत तार अधिक ताणून बांधता येते, त्यामुळे ती कमी झोळते. पण फार तापल्यास बारीक कण पुन्हा वाढतात आणि ताकद उतरते. शिवाय कित्येक किलोमीटर तार स्वस्तात बनवणे हेही आव्हान आहे. तोवर पडलेली तार दिसल्यास तिच्यात वीज आहे असेच समजावे, दूर राहावे आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे.